पंचविसाव्या पायरीवर अडकलेला अंक

दैनिकाचं नाव सांगत नाही. सर्व्हरवर सेंटओएस ६ असायचं तो काळ, आणि मे महिना, एवढं पुरे. पानं अकोल्यात लागायची आणि अंक अमरावतीच्या एमआयडीसीत छापला जायचा. मधे शंभरेक किलोमीटरचा रस्ता आणि एक लीज्ड लाईन. दोन्ही टोकांना एकेक लिनक्स सर्व्हर. पानांचं फोल्डर अकोल्याच्या डिस्कवर, पण एनएफएसमुळे अमरावतीच्या यंत्राला ते घरचंच असल्यासारखं दिसे. जाहिरातींचं बुकिंग अमरावतीत, म्हणून ते फोल्डर तिकडच्या डिस्कवर, आणि अकोल्याला ते घरचं वाटे. याचं त्यानं जोडलेलं, त्याचं यानं.

व्यवस्था काही वर्षं बिनबोभाट चालली. यंत्रं अधूनमधून बंद पडत. दोन्ही एकाच वेळी मात्र कधी बंद पडली नव्हती.

घड्याळ ठरलेलं होतं धारणीच्या गाडीनं. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत ती मेळघाटात उजाडता पोचते. तिच्यात आणखी दोन दैनिकांचे गठ्ठे असतात, त्यामुळे ती कुणा एकासाठी थांबत नाही. सुटायची वेळ रात्री अडीच.

खालचा क्रम दोन्ही यंत्रांच्या नोंदी नंतर समोरासमोर ठेवून लावला आहे. माणसांच्या आठवणी घोळ घालतात. यंत्रांच्या नोंदींत तो कमी असतो.

रात्री ११:२० (गाडीला ३ तास १० मिनिटं)

अकोल्यात वळवाचं वादळ. दिवसभर तापलेल्या गावात आधी धूळ, मग चार टपोरे थेंब, मग अंधार. बारा पानांपैकी सात सुटलेली. पहिल्या पानावर वादळाचीच बातमी घ्यायची म्हणून ते मोकळं ठेवलेलं. तेल्हारा-अकोटच्या वार्ताहरांचे फोन येत होते, केळी आडवी झाली म्हणून. सर्व्हर यूपीएसवर गेला. खालच्या जनरेटरनं दोनदा खोकून हात टेकले. त्याची स्वतःचीच बॅटरी उतरलेली.

११:३५

अमरावतीतही वीज गेली. तिथला जनरेटर सुरू झाला, पण तो छपाईयंत्रापुरता. सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी जुनी होती. १२ मिनिटांत बसली.

११:५१ (२ तास ३९ मिनिटं)

अकोल्याचा सर्व्हर बंद. अमरावतीचा चार मिनिटं आधीच बंद झालेला. आता दोन्ही यंत्रं एकाच वेळी निद्रिस्त होती, आणि याकडं कुणाचं लक्ष जाण्याचं कारणही नव्हतं. संपादकीय खोलीत मोबाईलच्या उजेडात मथळा कोणता घ्यायचा यावर चर्चा चाललेली. वृत्तसंपादकांचं गणित साधं होतं: वीज बारापर्यंत आली तर साडेबाराला शेवटचं पान सुटेल, एकला प्लेटा, सव्वाला मशीन, दोनला गठ्ठे. जमण्यासारखं होतं.

१२:१५

अमरावतीत वीज आली. सर्व्हर आपोआप चालू झाला.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यातच आहे. त्या काळचं लिनक्स सुरू होताना क्रमांक लावलेल्या पायऱ्यांवरून वर चढायचं. १० वर नेटवर्क, १३ वर आरपीसीबाइंड, १४ वर कुलपांचं खातं. २५ वर ‘नेटएफएस’, म्हणजे दुसऱ्यांची फोल्डरं जोडून घेणं. ३० वर ‘एनएफएस’, म्हणजे आपली फोल्डरं दुसऱ्यांना द्यायला बसणं. ५५ वर एसएसएच, ज्यातून लांबून आत शिरता येतं. ९१ वर सांबा, ज्यातून विंडोजच्या संगणकांना फोल्डर दिसतात. एक पायरी पूर्ण झाल्याखेरीज पुढची नाही.

म्हणजे घ्यायचं काम २५ वर आणि द्यायचं ३० वर. आधी मागणं, मग देणं. क्रम लावणाऱ्यांची चूक म्हणता येत नाही; ज्या यंत्राला फक्त मागायचं किंवा फक्त द्यायचं असतं त्याला यानं काहीच फरक पडत नाही.

१२:२१ (२ तास ९ मिनिटं)

अमरावतीचा सर्व्हर पंचविसाव्या पायरीवर आला. अकोल्याकडं पानांचं फोल्डर मागितलं. उत्तर नाही. पुन्हा मागितलं.

अकोल्यातही एव्हाना वीज आली होती, पण तिथला सर्व्हर त्याहून खालच्या पायरीवर वेगळ्याच कामात होता. पानांची डिस्क कुणीतरी हातानं फॉरमॅट केलेली होती, आणि १८० दिवस उलटले की सुरू होताना तपासणी करायची हा तिचा मूळ नियम तसाच राहिला होता. तपासणी सुरू झाली. पडद्यावर खाली एक पट्टी आणि तिच्या शेजारी ‘सेंटओएस’. बाकी काही नाही.

रात्रपाळीच्या ऑपरेटरनं अमरावतीला फोन लावला.

“भाऊ, तुमच्याकडलं चालू झालं का?”

“लाईट तर लागून राह्यले. पण फोल्डर नाही दिसून राह्यलं.”

“आमचं अजून उठलंच नाही ना. हे उठलं की तुमचं होते बरोबर.”

त्या क्षणी हे अगदी खरं होतं.

१२:५२ (१ तास ३८ मिनिटं)

अकोल्याची डिस्क तपासून झाली. यंत्र भराभर वर चढलं: १०, १३, १४. मग २५ वर आलं, आणि त्यानं अमरावतीकडं जाहिरातींचं फोल्डर मागितलं.

अमरावतीचा सर्व्हर जागा होता, नेटवर्कवर होता, हाक ऐकूही येत होती. फक्त त्याची द्यायची पायरी तिसावी, आणि तो उभा पंचविसाव्यावर, अकोल्याची वाट पाहत. अकोल्याचा उभा पंचविसाव्यावर, अमरावतीची वाट पाहत.

या क्षणापासून दोघांपैकी एकही बिघडलेला नव्हता. डिस्क ठणठणीत, लाईन ठणठणीत, नेटवर्क ठणठणीत. हा बिघाड शोधायला जो जाईल त्याला प्रत्येक सुटा भाग चांगलाच सापडणार होता.

वाट पाहणं हा एनएफएसचा दोष नाही, स्वभाव आहे. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये ते बांधलं तेव्हा विचार असा होता की सर्व्हरनं कुणाचं काय चाललंय ते लक्षात ठेवायचं नाही. तो मधेच कोसळला तरी मागणाऱ्यानं मागत राहावं. सर्व्हर उठला की काम जिथं थांबलं तिथून पुढं जाईल, मधे काय झालं हे वापरणाऱ्याला कळणारही नाही. ‘सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग’ हा संदेश युनिक्स वापरणाऱ्यांच्या पिढ्यांनी पाहिला आहे. त्यातलं ‘स्टिल ट्राइंग’ हे दिलेलं वचन होतं, आणि बहुतेक वेळा ते पाळलंही जातं. मी तर म्हणेन की जाळ्यावरच्या फाइलसाठी याहून प्रामाणिक वागणूक दुसरी नाही. अर्धवट लिहिलेली पीडीएफ पूर्ण समजून पुढं सरकवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

१:०५

पण कितीही प्रामाणिक असला तरी लिनक्सचा माउंट सुरुवातीला असा अनंतकाळ उभा राहत नाही. समोरून काही आलं नाही तर मूळ नियमानं दोन मिनिटांत नाद सोडतो आणि यंत्र पुढच्या पायरीवर जातं. तसं झालं असतं तर दोघांपैकी एक जण चाळीसेक मिनिटांपूर्वी नाहीतर दहा मिनिटांपूर्वी तरी सुटला असता, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा.

ते का झालं नाही याची गोष्ट आदल्या हिवाळ्यातली. एका रात्री लाईन तुटलेली असताना अकोल्याचा सर्व्हर सुरू झाला. दोन मिनिटं वाट पाहिली, जाहिरातींचं फोल्डर जोडलं गेलं नाही, यंत्र पुढं गेलं. फोल्डरचं नाव मात्र जागेवरच होतं, आतून रिकामं. डिझायनरनं त्यात अर्ध्या पानाची जाहिरात ठेवली. ती खरं तर अकोल्याच्याच डिस्कवर, त्या रिकाम्या जागेत गेली. तासाभरानं लाईन आली, कुणीतरी फोल्डर हातानं जोडलं, आणि जोडलेलं फोल्डर त्या जागेवर चादरीसारखं पसरलं. खालची जाहिरात दिसेनाशी झाली. पुसली गेली नव्हती, झाकली गेली होती. सकाळी जाहिरातदार दारात.

त्यावर सर्व्हरची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसानं उपाय केला. दोन्ही यंत्रांच्या एफएसटॅब फाइलीत, जिथं कोणतं फोल्डर कुठून जोडायचं ते लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी एक शब्द वाढवला: ‘रीट्राय=१००००’. आकडा मिनिटांचा. फोल्डर जोडलं गेल्याशिवाय पुढं जायचंच नाही. रिकाम्या जागेत पुन्हा कधी जाहिरात पडणार नाही.

उपाय लागू पडला होता. हिवाळ्यापासून एकही जाहिरात हरवली नव्हती.

१०००० मिनिटं म्हणजे ६ दिवस, २२ तास, ४० मिनिटं. वादळाची रात्र बुधवारची. बारानंतर गुरुवार लागला. कुणीच हात लावला नसता तर अमरावतीचं यंत्र पुढच्या बुधवारी रात्री ११ वाजून १ मिनिटानं कंटाळलं असतं, तिसाव्या पायरीवर गेलं असतं, आणि काही सेकंदांत दोन्ही गावांतली यंत्रं आपसूक वर गेली असती.

१:२० (१ तास १० मिनिटं)

वृत्तसंपादकांनी विचारलं, “काऊन रे, झालं का नाही अजून?”

ऑपरेटरनं आपल्या विंडोजच्या संगणकावरून अकोल्याच्या सर्व्हरला पिंग केलं. उत्तर आलं. अमरावतीच्या सर्व्हरला केलं. तेही आलं, एकही पाकीट न हरवता. म्हणजे दोन्ही चालू. मग फोल्डर उघडून पाहिलं: नेटवर्क पाथ सापडत नाही.

या रात्रीत सर्वांत जास्त वेळ या एका पिंगनं खाल्ला. पिंगचं उत्तर दहाव्या पायरीवरून येतं. सांबा ९१ वर. मधल्या पायऱ्यांबद्दल पिंग काहीच सांगत नाही, पण ‘उत्तर आलं’ हे दोन शब्द ऐकले की माणसं यंत्र निरोगी धरून चालतात. मग संशय लाईनवर गेला. लाईन देणाऱ्या कंपनीकडं तक्रार नोंदवली. त्यांनी तपासून सांगितलं, लाईन ठीक आहे. त्यांचं बरोबर होतं.

संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. लांबच्या डिस्कवर विसंबलेल्या मोठमोठ्या व्यवस्था जोडणीपायी कोलमडलेल्या आहेत. मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं कामकाज ११:४० ला थांबलं ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झालं. मुख्य केंद्र आणि जवळच्या पर्यायी केंद्रामधल्या दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाईनी अस्थिर झाल्या आणि साठवण यंत्रणा सर्व्हरांच्या आवाक्याबाहेर गेली. पर्यायी केंद्र हे अडचणीच्या वेळी आधार म्हणून ठेवलेलं. त्या दिवशी त्याच्याकडं जाणाऱ्या लाईनीच अडचण ठरल्या. पण त्या गोष्टीत निदान काहीतरी तुटलं होतं.

१:५०

“पेनड्राइव्ह घेऊन गाडी काढा,” असं कुणीतरी म्हणालं. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानंही गाडी वेळेत पोचली नसती. शिवाय पानं सर्व्हरच्या पोटात, आणि सर्व्हर तोंड उघडत नव्हता.

अमरावतीत मशीनमन रीळ लावून बसलेला. चार पानांच्या प्लेटा वीज जायच्या आधी निघाल्या होत्या, त्या चढवून तयार. सर्व्हरला मॉनिटर नव्हता. तो मागंच सीसीटीव्हीसाठी काढून नेला होता. त्यामुळे त्या डब्याकडं पाहून कळत होतं ते एवढंच की हिरवा दिवा लुकलुकतोय.

२:१०

अमरावतीचा सर्व्हर बटण दाबून बंद केला, पुन्हा चालू केला. सगळ्यांचा जुना उपाय. यंत्र उठलं, पायऱ्या चढलं, पंचविसाव्यावर येऊन उभं राहिलं. दहा हजार मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

२:३०

धारणीची गाडी दोन दैनिकांचे गठ्ठे घेऊन सुटली.

२:४० (गाडी सुटून १० मिनिटं)

सर्व्हरचं काम जाणणारा एक जण जठारपेठेतून, रस्त्यात आडव्या झालेल्या फांद्या चुकवत अकोल्याच्या कार्यालयात पोचला. त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे सर्व्हरच्या कीबोर्डवर एस्केप दाबलं. पट्टी गेली आणि मागचे शब्द दिसले. शेवटची ओळ ‘माउंटिंग एनएफएस फाइलसिस्टम्स’, पुढं कोलन, पुढं काही नाही. पावणेदोन तास ती ओळ त्या पट्टीच्या मागं उभी होती. सुरू होताना पडदा स्वच्छ दिसावा म्हणून सगळं झाकण्याची ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. झाकलेलं असतं ते नेमकं गरजेचं.

दुसरी गोष्ट: त्यानं आपल्या लॅपटॉपवरून अमरावतीला एसएसएच करून पाहिलं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. पिंग चालतं आणि एसएसएच नकार देतं, म्हणजे यंत्र १० आणि ५५ च्या मधे कुठंतरी आहे.

तिसरी: आरपीसीइन्फो. हा हुकूम समोरच्या यंत्राला विचारतो की तुझ्याकडं कोणकोणत्या सेवा बसल्या आहेत, आणि ते क्रमांकांनी उत्तर देतं. अमरावतीचं उत्तर आलं: १००००० आणि १०००२४. पहिला आरपीसीबाइंड, दुसरा कुलपांच्या खात्याचा. १००००३ नाही, जो एनएफएसचा. १००००५ नाही, जो माउंट देणाऱ्याचा. मग त्यानं तेच शेजारच्या, अकोल्याच्या यंत्राला विचारलं. तेच दोन क्रमांक. तेच दोन गायब.

“हा त्याची वाट पाहून राह्यला, अन् तो याची.”

वृत्तसंपादक म्हणाले, “मंग सांग ना एकाले पुढं जायले!”

३:०८

अकोल्याचा सर्व्हर बंद करून चालू केला. ग्रबचा पडदा येताच ‘ए’ दाबून ओळीच्या शेवटी ‘१’ जोडलं. या मार्गानं यंत्र पायऱ्या न चढता खालीच एका माणसापुरतं उघडतं. पासवर्डही विचारत नाही, जे एरवी धोक्याचं आणि त्या रात्री सोयीचं. एफएसटॅब उघडली. जाहिरातींच्या फोल्डरच्या ओळीआधी ‘#’ टाकला. जतन केली, बाहेर पडला, यंत्राला वर जाऊ दिलं.

पंचविसाव्या पायरीवर मागण्यासारखं काहीच नव्हतं. तिसावी आली. अर्ध्या मिनिटाच्या आत अमरावतीच्या अडकलेल्या मागणीला उत्तर मिळालं आणि तिकडचं यंत्र कुणीही हात न लावता वर चढत गेलं.

३:२७ ते ६:१०

फोल्डर दिसलं. वीज गेली तेव्हा उघडी असलेली पानं पुन्हा लावावी लागली. शेवटचं पान ४:१५ ला सुटलं, मशीन ४:५० ला फिरलं. मोर्शी-वरूड आणि दर्यापूर-अंजनगावचे गठ्ठे उशिरा का होईना गेले. अकोल्याचे गठ्ठे उजाडल्यावर निघाले. धारणीला त्या दिवशी अंक गेला नाही. वादळाची बातमी तिथं इतर दोघांनी दिली.

दुसऱ्या दिवशी

सर्वांचा सूर एकच, ते ‘रीट्राय’ काढा. नुसतं तेवढं केलं असतं तर हिवाळ्यातली जाहिरात परत हरवली असती. म्हणून दुखणं दोन ठिकाणी कापलं. रिकाम्या राहणाऱ्या जागा, म्हणजे ज्यांवर फोल्डर जोडलं जातं त्या डिरेक्टरी, सर्व्हरवर ‘चॅटर’नं अपरिवर्तनीय केल्या. जोडलेलं फोल्डर त्यांवर नीट बसतं. जोडलेलं नसेल तर त्यांत कुणालाही, अगदी रूटलाही, फाइल ठेवता येत नाही. डिझायनरला लगेच नकार दिसतो आणि तो ओरडतो. हे झाल्यावर वाट पाहण्याची सक्ती उरली नाही, म्हणून ओळीत ‘बीजी’ टाकलं: पहिल्या झटक्यात जोडलं गेलं नाही तर प्रयत्न मागं चालू ठेव आणि यंत्राला वर जाऊ दे. ‘हार्ड’ मात्र ठेवलं. ‘सॉफ्ट’ करा असा एक सल्ला आला होता. त्यात ठराविक वेळानं चूक दाखवून सुटका होते खरी, पण लिहिता लिहिता सुटका झाली तर प्लेटवर अर्धं पान उमटू शकतं.

आणि मुख्य म्हणजे एक दिशा तोडली. जाहिराती आता अमरावतीहून अकोल्याला दर पाच मिनिटांनी आरसिंकनं नकलून येऊ लागल्या. अकोल्यानं अमरावतीकडं सुरू होताना काहीही मागायचं नाही. कोण कुणाकडं मागतो याचा कागदावर बाण काढला आणि तो कुठं गोल फिरत नाही ना एवढं पाहिलं.

पुढं सेंटओएस ७ आलं आणि पायऱ्यांच्या जागी सिस्टिमडी आलं. ते पुष्कळ कामं एकदम सुरू करतं आणि प्रत्येक माउंटला मुळात ९० सेकंद देतं. ‘नोफेल’ लिहिलं तर त्याच्यावाचून यंत्र अडत नाही, आणि ऑटोमाउंट केलं तर पहिल्यांदा कुणी फोल्डर उघडेपर्यंत मागणीच जात नाही. त्यातही पडद्यावर ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि शेवटी ‘नो लिमिट’ असं दिसलेलं मी पाहिलं आहे. तिथंही कुणीतरी मर्यादा काढून टाकलेली असते, आणि बहुधा तिच्यामागं एखादा हिवाळा असतो.

जूनमधल्या एका दुपारी, छपाई नसताना, दोन्ही सर्व्हर मुद्दाम एकदम बंद करून एकदम चालू केले. दोन्ही पाच मिनिटांच्या आत वर आले. प्लेट काढणाऱ्या विंडोजच्या संगणकावरचा झेड ड्राइव्ह तेवढा लाल फुली घेऊन बसला. सांबा येण्याआधी तो संगणक उठला की असं होतं, आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. मशीनमननं ते खडूनं संगणकाच्या वर भिंतीवर लिहून टाकलं, खाली सिस्टिमवाल्याचा मोबाईल नंबर, आणि नंबराखाली: आधी एस्केप दाबा, मंग फोन करा.